फळीवर बसायचा मान

माझ्या लग्नात मला फळीवर बसवलं नाही. थोरल्या जावेला बसवलं होतं, आणि पुढे धाकटीलाही बसवायचं ठरलं. मधली तेवढी मी राहिले. यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. त्याने तीन सुनांच्या घरात मधली होऊन बघावं.

सासर काल्हेरच्या अलीकडे, खाडीकाठी. घर भातशेतीवाल्यांचं. फळी म्हणजे खरोखरच फळी, पाट नव्हे. उंबऱ्याएवढी लांब, वीतभर रुंद, चांगली जाड आणि काळीकुट्ट. खाली पाय नाहीत, वर नक्षी नाही. एरवी ती माळ्यावर पेंढ्यामागे पडून असायची. नवी सून घरात आली की खाली उतरायची. दोन विटांवर कडेने उभी मांडायची, दोन्ही टोकांना ओला चिखल थापायचा, त्यात पेंढ्याच्या काड्या दाबायच्या आणि वर सुनेला बसवायचं. मग घरातल्या कर्त्या पुरुषाने तिच्या शेजारी फळीवर लाकडी मोगरी आपटायची. मोगरीचा आवाज झाल्याशिवाय सुनेने उठायचं नाही. हे सगळं का करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्यात करतात, एवढंच.

मी भिवंडीची, धामणकर नाक्यामागच्या चाळीतली. वडील मागाचे सुतार. हातमाग होते तेव्हा हातमागाचे, पुढे पॉवरलूम आले तेव्हा लूमच्या लाकडी भागांचे. लग्न होऊन मी घरात पाऊल टाकलं तेव्हा मला मांडववाल्याच्या लोखंडी खुर्चीवर बसवलं. खुर्चीच्या पाठीवर मांडववाल्याचं नाव रंगवलेलं होतं. फळीचं मला पुढे गौरीच्या सणाला कळलं. त्या दिवशी थोरलीची ओटी फळीवर बसवून भरली आणि माझी चटईवर.

मी नवऱ्याला विचारलं, "मला का नाही बसवलं?"

तो म्हणाला, "मान मोठीचा असतो," आणि कूस बदलली. त्याला सेकंड शिफ्ट होती.

दर गौरीला तेच. थोरली फळीवर बसायची ते बघण्यासारखं होतं. आधी निऱ्या सारख्या करायची, मग पदर खांद्यावरून पुढे घ्यायची, मग हळूच टेकायची, जणू फळी तिची वाट बघत होती. आणि तिथून माझ्याकडे बघून म्हणायची, "चटई गार लागत न्हाय ना गो?" मी म्हणायची, "नाही ताई, छान आहे." छान काही नव्हती. खालून ओल यायची. पण ओलीचं मला काही नव्हतं. मला ती फळी हवी होती. दिसायला तिच्याहून मी बरी, हिशेबाला बरी, भाकरी माझी गोल. तिच्याकडे एकच गोष्ट जास्त होती आणि ती मला मिळण्यासारखी नव्हती, कारण तिच्याआधी लग्न करून या घरात येणं मला आता शक्य नव्हतं.

आणीबाणी लागायच्या आदल्या सालची गोष्ट. धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलगी अंबाडीची. बापाची नाक्यावर भाताची गिरणी. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी सासूबाई चुलीशी बसून म्हणाल्या, "धाकटीला बी फळीवर बसवू."

माझ्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. म्हटलं, "आई, मान मोठीचा ना?"

"हो. पण ही मोठ्या घरची हाय."

थोरली हसली. तिला हसायला काहीच हरकत नव्हती, तिचं झालेलं होतं.

त्याच आठवड्यात दिराने आणखी एक काढलं. तो कल्याणला कॉलेजात शिकलेला, घरातला पहिला. सासरच्या लोकांपुढे आपलं घराणं नीट मांडावं म्हणून त्याने ड्रॉइंगच्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. नावं त्याने नात्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून पणजोबांपर्यंत नेली. प्रत्येक नावाखाली "धंदा" म्हणून एक ओळ आखली होती. वडिलांखाली शेती, आजोबांखाली शेती. पणजोबांखाली ओळ रिकामी. सासऱ्यांना विचारावं तर ते आधीच वारले होते.

"पणजोबांचा धंदा काय लिहू?" त्याने विचारलं.

थोरली पटकन म्हणाली, "गलबतं व्हती त्यांची. मस्कतला जायची. ही फळी त्याच गलबताची हाय. म्हणून तर तिला एवढा मान."

हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. पण सासूबाईंनी मान डोलावली आणि दिराला ते फारच आवडलं. तो म्हणाला, "पत्रिकेतच छापू. गलबतांचे मालक यांचे पणतू." म्हणजे आता थोरली नुसती फळीवर बसलेली नव्हती, गलबतावर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी माळा झाडायला काढला. कुणी सांगितलं नव्हतं. फळी खाली घेतली आणि अंगणात उजेडात नीट बघितली. लाकडाचं बघायला मला वडिलांनी शिकवलं होतं, शिकवलं म्हणजे त्यांच्या शेजारी बसून मीच शिकले. लाकूड जिथे घासतं तिथे गुळगुळीत होतं आणि कसं घासलं ते सांगतं. गलबताच्या फळीला खिळ्यांची भोकं हवीत. हिला एकही नव्हतं. वरच्या कडेला दोर ओवायला दोन भोकं, बस्स. आणि दोन्ही टोकं चार बोटं आतपर्यंत झिजलेली, दोन्हीकडे सारखी, वरून खाली. ही फळी कशाच्या तरी खाचेत वर-खाली सरकत होती. एक गोष्ट मात्र मला कळेना. वरच्या कडेला मधोमध उथळ खळगा होता. तिथे सरकण्यासारखं काही नव्हतं.

मला वाटलं, हातमागाचा भाग असेल. खरं सांगायचं तर मला तसं व्हायला हवं होतं. पणजेसासरे विणकर निघाले, तर मागाच्या सुताराच्या मुलीचा त्या फळीवर सगळ्यांच्या आधी हक्क. मी दोऱ्याने तिची जाडी मोजली, दोऱ्याला गाठ मारली, टोकाची एक ढलपी काढली आणि भाजीच्या निमित्ताने भिवंडीला माहेरी गेले.

वडिलांनी ढलपी उलटसुलट केली आणि जिभेवर ठेवली.

"मागाची नाही ही," ते म्हणाले. "खारट आहे. कित्येक वर्षं खाडीत असणार. तिथेच विचार कुणाला तरी." आणि बाहेर थुंकले.

खाडीवर विचारायला एकच माणूस उरलं होतं. सासऱ्यांची आत्या, म्हणजे पणजेसासऱ्यांची सख्खी मुलगी. खाडीच्या वरच्या अंगाला तिचं गाव. तोंडाने फटकळ म्हणून आमच्या घरून तिच्याकडे कुणी जात नसे. दिरानेही तिला वगळलं होतं. मुलींना वंशावळीत घेत नाहीत, असं तो म्हणाला. मी मशेरीची पुडी घेतली आणि गेले.

ती ओट्यावर बसून जाळं सांधत होती. मी कोण ते सांगितलं.

"मधली न्हवं तू? लूमवाली?" तिने पुडी आधी कनवटीला लावली, मग म्हणाली, "काय पायजे?"

"आत्याआजी, तुमच्या बाबांची गलबतं होती का?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "गलबत? आमच्या बापाकडं साधी होडी न्हवती! मासं धरायला बी दुसऱ्याच्या होडीत जायचा. कुणी सांगितलं?"

"थोरलीने."

"तिच्या बापाची असतील."

मला ती तिथेच आवडली. मग मी फळीचं विचारलं. ती जाळं बाजूला टाकून उठली आणि म्हणाली, "चल, दाखवते." गावामागे खाडीचा बांध होता. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, त्यात निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या. बांधाच्या मध्यावर सरकारने बांधलेलं सिमेंटचं दार होतं, वर लोखंडी चाक. त्याच्या शेजारी जुनं दार होतं. दार म्हणजे दगडाचे दोन खांब आणि खांबांना समोरासमोर उभ्या खाचा.

"ही उघाडी," ती म्हणाली. "आमचा बाप तुमच्या गावची राखायचा. ती बी अशीच व्हती, याच मापाची, आता बुजली."

तिने सांगितलं ते असं. पावसाचं पाणी शेतात साठलं की ओहोटीला फळ्या उचलायच्या, पाणी खाडीत जाऊ द्यायचं. भरती यायच्या आत फळ्या पुन्हा खाचांत टाकायच्या, एकीवर एक, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं आणि भात करपतं. सगळ्या गावाची शेती त्या एका दारावर. त्याबद्दल प्रत्येक शेतामागे भाताच्या पेंढ्या मिळायच्या आणि दारात अडकलेली मासळी राखणाऱ्याची.

"पण वरची फळी लबाड," ती म्हणाली. "लाकूडच ते. पाणी चढलं की तरंगतं, खाचेतनं वर येतं. बाप फटींना चिखल आन पेंढा भरायचा, मग पाचर मारायचा. तवर फळी दाबून कोण धरणार? आमची आई बसायची वर. मग वयनी आली, वयनी बसली."

"नवी सून?"

"मग काय, म्हातारी बसंल? नवीच. हातात पोर न्हाय, अंगात दम हाय. कमरेएवढ्या पाण्यात पाय सोडून बसायचं, पावसात. ढुंगण लाकडाचं व्हायचं." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमच्याकडं त्याचा मान करतात व्हय? शिक्षा गो ती!"

चिखल, पेंढा, मोगरी. पाचर मारल्याशिवाय उठायचं नाही. सगळं जागच्या जागी बसलं. खळगाही. मी गाठीचा दोरा काढून खाचेत धरला. गाठ बरोबर कडेला आली.

"आन एक," म्हातारी म्हणाली. "फळी रिकामी टाकायची न्हाय. दुसरी येऊन हुभी राहील तवा पहिलीनं उठायचं. एकदा वयनी आधीच उठली, वरची फळी गेली वाहून. त्या साली गावानं आमाला पेंढीची काडी दिली न्हाय."

परतताना मी खुशीत होते. मस्कतची गलबतं बुडाली होती. मान मोठीचा नव्हताच, नवीचा होता. थोरली इतकी वर्षं गौरीला बसत होती ते फुकट बसत होती. काल्हेरपर्यंत मी त्याच आनंदात चालले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मान नवीचा असेल तर तो माझ्या लग्नात माझा होता आणि तेव्हाच गेला. आता नवी म्हणजे गिरणीवाल्याची मुलगी. मी इतकी पायपीट करून पुरावा गोळा केला, तो तिच्या बाजूचा.

घरी येईपर्यंत मला दुसरं सुचलं होतं.

दिराला मी आधी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "उघाडी राखणारे? वहिनी, हे पत्रिकेत कसं दिसेल?"

"गलबतांपेक्षा खरं दिसेल. अंबाडीवाले भातगिरणीचे आहेत, उघाडी नसेल तर भात कुठून येतं ते त्यांना कळतं."

त्याने पत्रिकेतून ती ओळ काढली. वंशावळीत मात्र पेन्सिलीने "उघाडी राखणे" लिहिलं. पुढे शाईने गिरवलं का, मला माहीत नाही. मी म्हटलं होतं, पणजीच्या नावाखालीही तेच लिही, तीच वर बसायची. तो म्हणाला, बायकांच्या नावाखाली ओळच आखलेली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी टांगा करून आत्याआजीला आमच्या घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, "हिला कशाला?" म्हटलं, "घरची लेक आहे. लग्नात नको?"

वरात दारात आली. नवरी उंबऱ्याबाहेर, तिच्यामागे अंबाडीची माणसं. फळी विटांवर मांडली होती, चिखल थापला होता. थोरले दीर मोगरी घेऊन उभे. थोरली पुढे झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मोठीनं आधी टेकायचं, मग नवीला बसवायचं. मान माझ्या हातनंच जाऊ द्या."

म्हणजे तिलाही तेच सुचलं होतं, फक्त कारण न शोधता.

मी म्हटलं, "ताई, थांबा. ही फळी उघाडीची आहे. तिच्यावर नवीन सून बसते आणि तिच्यासाठी जी उठते ती तिच्या आधीची नवीन. ती मी."

"तू कधी बसलीसच न्हाय!"

"म्हणून तर आता बसते. उठण्यासाठी आधी बसायला नको?"

सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं नवीन काढलंस?"

"जुनंच हाय," आत्याआजी मांडवातून ओरडली. पाव्हण्यांनी माना वळवल्या. "माझ्या बापाची फळी हाय ती. मधली बोलते ते खरं. एकीनं उठायचं, दुसरीनं बसायचं. मोठीला तिथं काय काम? मोठीनं चिखल कालवायचा!"

अंबाडीवाल्यांत कुणीतरी हसलं. लग्नघरात पाव्हण्यांपुढे भांडण नको म्हणून असेल, सासूबाईंनी मला हाताने खूण केली. बस.

मी बसले. निऱ्या सारख्या केल्या नाहीत, तेवढा वेळ नव्हता. फळी डावीकडे जरा कलती होती आणि मधल्या खळग्यात माणूस आपोआप जाऊन बसतो. तो माझ्या मापाचा होता असं नाही, कुणालाही झाला असता. समोर थोरली चिखलाचं घमेलं घेऊन उभी होती, मगाशीच तिच्या हातात कुणीतरी दिलेलं. बाहेर नवरी मान खाली घालून माझ्या उठण्याची वाट बघत होती. गिरणीवाल्याची मुलगी, अंगावर माझ्या तिप्पट सोनं, आणि मी उठल्याशिवाय तिला घर नव्हतं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माळा इथून वेगळाच दिसतो.

"उठ गो आता," सासूबाई म्हणाल्या. "भरती आली काय?"

सगळे हसले. मी उठले. नवरी बसली, मोगरी वाजली, संपलं. ती बसली त्याच क्षणी मला ती फळी पुन्हा हवी झाली, जुनंच, पण या वेळी तिच्याकडे बघून.

पाव्हणे गेल्यावर मी आणि थोरली फळी धुवायला विहिरीवर नेली. ती काथ्याने चिखल घासत होती. मग म्हणाली, "तू उठेपर्यंत ती दारात हुभी व्हती. माझ्या वेळी कोण हुभं व्हतं? फळी पुसली आन मला म्हणाले, बस."

मी पाणी ओतलं.

फळी नंतर धाकटीकडेच राहिली. आत्याआजीचा नियम घरात पक्का झाला होता, आणि चौथी सून यायची नव्हती. पुढच्या गौरीला धाकटी फळीवर आणि आम्ही दोघी चटईवर, शेजारी शेजारी. सासूबाई तिची ओटी भरत होत्या. धाकटी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकत होती. तिला खळगा सापडत नव्हता.

थोरली माझ्या कानाशी आली. "नीट बसता बी येत न्हाय तिला."

"न्हायच," मी म्हटलं.